चेंबर गार्ड लावून ठकूबाईच्या दारापर्यंत

भीमाशंकरला जाऊन आलेली माणसं पुण्यात पैशाला पासरी मिळतील. पण तळेघरच्या थोडं अलीकडे डांबरी रस्ता सोडून डावीकडे जी मातीची वाट फुटते, तिच्यावर मारुती आठशे घातलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. असता तर त्याला आधी गाठून चार गोष्टी विचारल्या असत्या. ही हकिगत त्या वाटेची. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. मी टेलिफोन खात्यातून नुकताच निवृत्त झालो होतो आणि उतारवयात शिकलेलं ड्रायव्हिंग अजून अंगात मुरायचं होतं.

त्या वाटेच्या शेवटी उंबरवाडी आहे. वीस-पंचवीस घरं, खाली भाताची खाचरं, वर नाचणीची जमीन आणि बांधाबांधावर हिरड्याची झाडं. माझी थोरली बहीण सुमतीअक्का वयाच्या बाविसाव्या वर्षी पहिल्या नेमणुकीवर तिथल्या एकशिक्षकी शाळेत गेली. राहायला ठकूबाईची पडवी मिळाली. दुसऱ्या पावसाळ्यात अक्काला ताप भरला आणि उतरेना. ठकूबाईनं डोली बांधली. खांदे द्यायला तीनच पुरुष हाताशी होते, बाकीचे भाताच्या आवणीला. चौथा खांदा तिनं स्वतः दिला आणि चिखलातून, ओढ्यांतून अक्काला घोडेगावच्या दवाखान्यात पोचवलं. आमच्या आईनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की ठकूबाईला न पाहताही मला तिची चाल ठाऊक होती.

मी निवृत्त झालो त्या वर्षी माघात तिचा पुतण्या कोंडिबा पुण्याला आमच्या घरी आला. ठकूबाईचा एक डोळा मोतीबिंदूनं केव्हाच गेला होता, दुसऱ्यानं आता नुसती सावली दिसत होती. मंचरला डोळ्यांचं शिबिर भरलं होतं आणि डॉक्टर म्हणत होते, हा डोळा अजून हाताशी आहे. पण म्हातारी ऐकेना. शेजारची एक बाई अशीच वडापच्या जीपमधून ऑपरेशनला गेली होती आणि डोळा गमावून काठी टेकत परत आली होती.

"ती म्हनती, शाळंची बाई माझ्या दारात न्यायला आली तर यीन," कोंडिबा म्हणाला. "न्हाईतर हाये हितंच बरं हाये."

अक्काचे गुडघे तोवर पार कामातून गेले होते. जिना चढतानाही ती दर पायरीला देवाचं नाव घ्यायची. ती मला म्हणाली, "बाळू, ठकीनं मला तिच्या दारातून उचलून नेलं. मी तिला तिच्या दारातून नेणार. गाडी काढ."

तळेघरच्या अलीकडे

पहिल्या खेपेचं वर्णन करण्यासारखं फार नाही. डिंभ्याच्या धरणाचं पाणी मागे टाकून घाट चढलो, तोवर मी शीळ घालत होतो. मातीची वाट लागली आणि शीळ बंद झाली. बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरनं दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मधे मातीचा उंचवटा आणि त्यात रुतलेले दगड. ट्रॅक्टरचं पोट कमरेइतकं उंच, माझ्या मारुतीचं टीचभर. एके ठिकाणी खालून असा आवाज आला की जणू कुणी पाट्यावर वरवंटा आपटला. उतरून पाहिलं तर तांबड्या मातीवर काळं तेल पसरत चाललं होतं.

इंजिनाच्या पोटाशी तेलाचं भांडं असतं. आपल्याकडचे सगळे मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. तो फुटला की तेल गेलं, आणि तेल गेलं की गाडीचा दगड झाला. वर वाडीची कौलं दिसत होती. अक्का खिडकीतून त्यांच्याकडे बघत बसली.

कोंडिबानं ट्रॅक्टर आणला. त्यानं आम्हाला उलटं, डांबरी रस्त्याकडे ओढत नेलं. संध्याकाळी ठकूबाईचा निरोप आला तो असा: बाई अर्ध्या वाटेतनं फिरली, म्हंजी देवाच्या मनात न्हाई.

शिबिर संपायला आठ दिवस होते.

मंचर

चेंबर मंचरला बदलून मिळाला. तो बदलणारा मेकॅनिक म्हणाला की त्या वाटेनं पुन्हा जाणार असाल तर खाली गार्ड लावा, आणि तो लावायचा तर मिलिंदभाऊंकडे. मला पुणेरी शहाणपण सुचलं. अक्काला तिथल्या लॉजवर ठेवून मी एसटीनं पुण्याला आलो, बाजारातून काळ्या रंगाचा, चकचकीत, सोबत नटबोल्टांची पुडी असलेला तयार चेंबर गार्ड घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो काखेत मारून मिलिंदभाऊंच्या वर्कशॉपवर हजर झालो. हे फक्त बसवून द्या, एवढंच मला म्हणायचं होतं.

मिलिंदभाऊ पंचेचाळिशीचे, मूळ अवसरी खुर्दचे. वडील शेतमजूर, हे आयटीआय करून फॅब्रिकेशनमध्ये आलेले. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, आत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे ताजी शेवंती, आणि बाकी सगळीकडे लोखंड. त्यांनी माझा गार्ड हातात घेतला, बोटाच्या पेरानं वाजवला आणि कान देऊन ऐकला.

"पावणं, ह्यो तेलाचा डबा हाये," ते म्हणाले. "एक दगड लागला की वर वाकंल आन् त्योच चेंबरात घुसंल. दगडापेक्षा वाईट."

मी म्हणालो, "कंपनीचा माल आहे."

"आसंल की. कंपनीनं उंबरवाडीचा रस्ता बघितलाय का?"

मी गार्ड परत काखेत मारला. मिलिंदभाऊंची पद्धत अशी, की गाडी ज्या रस्त्यावर जायची तो पाहिल्याशिवाय ते पत्र्याला कात्री लावत नाहीत. त्यांनी चेंबरखाली तारेनं एक लाकडी फळी बांधली आणि मग चुना कालवून फळीपासून मागच्या टाकीपर्यंत गाडीचं सगळं पोट पांढरं केलं. जिथे दगड लागेल तिथला चुना उडेल. उडालेल्या चुन्यावरून कळतं, पत्रा कुठे हवा, किती जाड हवा आणि कुठे नुसतं ओझं होईल.

"येताना गाडीत किती जनं?" त्यांनी विचारलं.

"मी, माझी बहीण, ठकूबाई आणि तिचा पुतण्या."

"वजनं सांगा."

अक्का शेजारीच खुर्चीवर बसली होती. चाळीस वर्षं पोरांना दटावलेला आवाज तिनं काढला. "माझं वजन तुम्हाला कशाला हवंय?"

"म्याडम, तुमी बसल्यावर गाडी खाली बसती," मिलिंदभाऊ अगदी सरळ म्हणाले. "रिकाम्या गाडीचं माप घिऊन काय करू?"

अक्कानं एक आकडा सांगितला. मिलिंदभाऊंनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि शेजारच्या वखारीतून बटाट्याच्या गोण्या आणवल्या. मागच्या सीटवर, अक्काच्या जागी, त्यांनी तिनं सांगितल्यापेक्षा थोडी जास्त भरलेली गोणी ठेवली. अक्का त्या दिवशी त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही.

मापाचा दिवस

गाडी मिलिंदभाऊंनी चालवली. गोगलगाय लाजेल इतक्या हळू. दर दहा-वीस पावलांवर थांबायचं, पोत्यावर आडवं होऊन खाली सरकायचं, चुना कुठे उडाला ते पाहून वहीत खूण करायची. मीही एकदा हौसेनं खाली गेलो आणि बाहेर निघालो तो पांढराधोट. पुण्यातला माझा मेकॅनिक गाडीचं बॉनेट उघडतो तेही नाइलाजानं. हा माणूस परक्या गाडीसाठी परक्या गावच्या धुळीत पालथा पडला होता आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत खूश होता.

बांधावरून कोंडिबा आला. आमचं चाललेलं बघून त्यानं डोक्यावरची टोपी मागे सारली.

"काय करताय राव?"

"रस्त्याचं माप घेतोय," खालून आवाज आला.

"रस्ता लईच वाईट हाये न्हाई?"

"वाईट म्हंजी, लई वाईट!"

कोंडिबानं टोपी पुन्हा पुढे ओढली आणि लगबगीनं वाडीकडे गेला. त्या लगबगीचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

शेवटच्या चढावरून ठकूबाईचं घर नीट दिसत होतं. दारापुढे हिरडा वाळत घातलेला, पडवीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं. मी म्हणालो, आलोच आहोत तर जाऊ. मिलिंदभाऊंनी गाडी वळवली. "म्याडमच्या आधी आपुन त्या दारात जायचं न्हाई. मान त्यांचा हाये."

दुपारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं, अक्कालाही लॉजवरून बोलावून घेतलं. त्यांच्या पत्नी कांताबाई जुन्नर तालुक्यातल्या आणे गावच्या. ताटात मासवडी होती. बेसनाच्या उकडीत तीळ-खोबऱ्याचं सारण, सुरीनं कापलेल्या वड्या आणि वर तांबडीलाल तर्री. आमच्याकडे मासवडी केलीच तर आमटी बेतानं घेऊन वडी चवीपुरती बुडवतात. कांताबाईंनी ताटात आधी बाजरीची भाकरी कुस्करायला लावली, तिच्यावर आमटीचा पूर आणला आणि म्हणाल्या, "आण्याच्या आमटीला चमचा चालत न्हाई भाऊ, हात घाला." मी घातला. चौथ्या घासाला मला जी उचकी लागली ती चुलीवरचं दूध प्यायलो तरी थांबेना, आणि अबोला धरलेली अक्का डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. त्यानंतर तिनं मिलिंदभाऊंना माफ केलं. कांताबाईंनी तिला लॉजवर परत जाऊच दिलं नाही.

पत्रा

पत्रा नारायणगावच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. मोडीत निघालेल्या टिपरच्या तळाचा. "ह्यानं पंधरा वरसं खडी झेललीय," मिलिंदभाऊ त्यावर थाप मारत म्हणाले. "ह्याला दगडाची सवय हाये."

पुढचे दोन दिवस मी शेडमध्ये स्टूल टाकून बसलो. इंजिनाखालचा पत्रा पुढून सुपासारखा वर वळवला, म्हणजे दगड अडणार नाही, खाली सरकून जाईल. तो चेंबरला कुठेही टेकत नव्हता, चॅसीच्या आडव्या पट्टीवर बसवला होता, म्हणजे मार पट्टीला, चेंबरला नाही. बोल्टची डोकी पत्र्यात बुडवलेली. पत्रा आणि पट्टी यांच्यामध्ये जुन्या टायरच्या चकत्या, खडखड होऊ नये म्हणून. तेल काढायच्या नटाखाली गोल भोक. वहीतल्या खुणांवरून दुसरा, लहान पत्रा पेट्रोलच्या टाकीखाली बसला. गाडी भरल्यावर तिथला चुना उडाला होता. अक्काच्या गोणीनं, असं ते मला हळूच म्हणाले.

मला वाटायचं, मोठं काम म्हणजे मोठा आवाज. इथे ते कानसेनं बोल्टाच्या भोकाची कड घासत बसले होते आणि मधेच बोट फिरवून बघत होते. शेवटी त्यांनी नव्या पत्र्यांनाही चुन्याचा हात दिला.

"आता कशाला?" मी विचारलं.

"माझं काम मला बी तपासाया नगं का?"

पुन्हा तीच वाट

शिबिर संपायला दोन दिवस उरले होते. सकाळी लवकर निघून आम्ही वळणावर पोचलो तर कोंडिबा नवा सदरा घालून उभा. त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "बगा आता," एवढंच म्हणाला आणि गाडीपुढे चालू लागला.

मी समोरच्या वाटेवर नजर टाकली आणि ब्रेक दाबला.

वाडीनं रस्ता दुरुस्त केला होता. रस्त्याचं माप घ्यायला पुण्याहून माणसं आली, रस्ता लई वाईट म्हणाली, हे कोंडिबानं घरोघर सांगितलं होतं. आपल्या रस्त्यापायी बाई परत गेली म्हणून वाडीला लाज वाटली. सगळे तीन दिवस खपले. शेताच्या बांधांचे दगड काढून त्यांनी चाकोऱ्या भरल्या होत्या, जसं भाताच्या दिवसांत बैलगाडीसाठी भरतात तसं. बैलगाडीचं चाक पुरुषभर उंच. तिला हा रस्ता म्हणजे राजमार्ग. माझ्या गाडीला तो दगडांनी भरलेला ओढा होता. जिथे जिथे माप घेतलं होतं तिथली उंची बदलली होती. मिलिंदभाऊंची वही गेली पाण्यात.

मी तापट माणूस आहे. गाडीतच सुरू झालो. "काय अकला आहेत! विचारायचं तरी एकदा! आता या रस्त्यानं..."

"गप रे," अक्का म्हणाली. "स्वतःच्या शेताचे बांध उपसलेत त्यांनी. कुणासाठी?"

खरं सांगायचं तर मला शरम वाटली. पहिला गिअर टाकला आणि निघालो. दर दगडाचा ठोका आधी माझ्या तळपायाला कळत होता आणि मग कानाला. चेंबर फुटला तेव्हाचा आवाज वेगळा होता, हे ठोके भरीव होते. तेलाच्या दिव्यावर डोळा ठेवून मी एकेक ठोका मोजत होतो आणि सोडून देत होतो. वाडीतली माणसं दोन्ही बाजूंनी चालत होती आणि प्रत्येक ठोक्याला त्यांचे चेहरे पडत होते. त्यांना त्यांची चूक आता कळत होती.

ठकूबाईचं घर दोनशे पावलांवर असताना गाडी पोटावर बसली. चाकं फिरत होती पण टेकत नव्हती. पत्रा एका मोठ्या दगडावर अलगद विसावला होता. इंजिन शाबूत, तेल शाबूत, फक्त पुढे जाता येईना.

अक्कानं दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला. तेवढ्यात वरून खणखणीत आवाज आला.

"बाईला उतरवू नका!"

ठकूबाई अंगणाच्या कडेला उभी होती. काटक, ठेंगणी, लुगड्याचा काष्टा घट्ट. तिला सावलीपलीकडे काही दिसत नव्हतं, पण गाडी थांबल्याचं ऐकून तिनं सगळं ओळखलं होतं. "दांडं आना," ती म्हणाली.

दोन लांब वासे आले. एक पुढच्या पत्र्याखालून घातला, दुसरा मागून. बारा माणसांनी खांदे लावले. मारुती आठशे ही काही फार जड गाडी नाही, पण आत अक्का होती आणि तिचा खरा आकडा मला बटाट्यांमुळे माहीत होता. मी म्हणालो, अक्काला उतरवा. कुणी ऐकलं नाही. तोवर एका पोरीचा खांदा धरून ठकूबाई खाली आली होती. "दांडा कुठाय?" तिनं विचारलं. कोंडिबानं तिचा हात वाशावर नेऊन ठेवला. वजन घ्यायची ताकद त्या हातात नव्हती. तिनं तो नुसता ठेवला होता.

गाडी उचलली गेली, चार पावलं पुढे जाऊन टेकली. पुढे आणखी दोनदा असंच झालं. तिन्ही वेळा ठकूबाईचा हात वाशावर होता. अक्का आत बसून सरळ समोर बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. असं आम्ही दारात पोचलो.

नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, नव्या तांदळाचा भात. ठकूबाईनं सगळ्यांना स्वतः पाणी दिलं. मला द्यायचा तांब्या तिनं पडवीच्या खांबापुढे धरला. कोंडिबानं तो हळूच घेऊन माझ्याकडे दिला. "दिसतं का गं काही?" अक्कानं विचारलं. "दिसतंय की, लई झ्याक दिसतंय," ती म्हणाली. कुणाच्या जिवाला घोर लावायचा नाही, हा तिचा जन्माचा स्वभाव.

उतरताना माणसं पुढे चालून सगळ्यात उंच दगड उचलून कडेला फेकत होती. बाकीचे चाकांनी आणि पायांनी हलून, जागा बदलून, वाटभर विखुरले. खालून ठोके बसत होते. मागच्या सीटवर अक्काचा हात धरून बसलेली ठकूबाई दर ठोक्याला विचारायची, "खालून कोन वाजवतंय गं?"

"तुझ्या वाडीचे दगड," अक्का म्हणायची.

मंचर, पट्टी सुटल्यावर

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. अक्का खोलीतून आली ती भिंतीला धरून.

"काय झालं?"

"दिसतंय म्हणते. लई झ्याक दिसतंय म्हणते."

"मग?"

"मी विचारलं, मी कशी दिसते सांग. तर म्हणाली, तशीच हायेस गं बाई, काळ्याभोर केसांची." अक्काचे केस दहा वर्षांपूर्वीच कापसासारखे झाले होते. ती बाकावर बसली. "बाळू, तिला काही दिसत नाहीये. मी तिला घरातून उठवून आणलं आणि शेवटचा डोळाही घालवला."

डॉक्टर म्हणाले, सूज उतरू द्या, चार दिवसांनी नीट कळेल. चार दिवस ठकूबाई कांताबाईंच्या घरात काळा चष्मा लावून बसून होती आणि कुणीही विचारलं की झ्याक दिसतंय म्हणत होती. अक्का रात्री कूस बदलत राहायची. गाडीत बसून-उतरून तिचे गुडघेही सुजले होते. शेवटी फेरतपासणीआधीच ठकूबाईला घरची ओढ लागली. तिला सोडायला मी एकटाच निघालो. निघताना मिलिंदभाऊंनी ठोके खाल्लेला पत्रा पुसला आणि त्यावर पुन्हा चुना फिरवला. आता मला त्यांची सवय झाली होती.

ठकूबाई माझ्या शेजारी बसली. डांबरी रस्ता संपेपर्यंत गप्प होती. मातीची वाट लागली तशी तिनं तोंड उघडलं ते मिटेचना. "जरा हिकडून घ्या. त्यो दगड चाकाखाली घ्या, मधी नगं. आता डावीकडं. थांबा. हां, चला." गाडी चालवताना बाजूनं कुणी सूचना केल्या की माझं डोकं फिरतं, पण म्हातारीला काय बोलणार? वाट तिच्या पायाखालची, बडबडू दे, असं मनाशी म्हणून मी ती सांगेल तसं चाक वळवत राहिलो. दारात उतरल्यावर तिनं आत जाऊन एक बाटली आणली. "बाईला द्या. माक्याचं तेल हाये, घरी काढल्यालं. डोस्क्याला लाव म्हनावं." मी ती पुढच्या कप्प्यात टाकली.

मंचरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अक्का शेडमध्ये खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. मिलिंदभाऊ लगेच पोत्यावर आडवे होऊन गाडीखाली गेले. बराच वेळ आले नाहीत. मी विचारलं, "काय, फार लागलं का?"

ते बाहेर आले. हात कोरडे होते, कपड्यावर पांढरा कण नव्हता.

"एक बी ठसा न्हाई. चुना जसाच्या तसा. तुमी गेलता का न्हाई?"

"दारापर्यंत जाऊन आलो. येताना उतारावर थोडं धूडधूड झालं, पण ते चाकाला."

"त्या दगडातनं? पावणं, खरं सांगा, तुमाला येवडी गाडी येत न्हाई." ते हसत नव्हते. "रस्ता कोन सांगत व्हतं?"

"ठकूबाई. पण येताना मी तिनं नेलं त्याच चाकोरीनं आलो. सारखी बडबड चालली होती, हा चाकाखाली घे, तो मधे नको."

अक्कानं मान वर केली. "तिची रोजची वाट आहे ती," ती सावकाश म्हणाली. "आठवणीनं सांगितलं असेल."

"कसली आठवन म्याडम?" मिलिंदभाऊ म्हणाले. "वाट जुनी, पन दगड तर गेल्या आठवड्यातलं. ऑपरेशनला येताना तिच्या डोळ्याला सावली दिसत व्हती. दगड लोकांनी त्याच वक्ताला उचलून हिकडं-तिकडं टाकलं. बघितल्याबिगर कसं सांगंल?"

मी इतका वेळ तिच्या शेजारी बसलो होतो, तिच्या डोळ्यांनी गाडी चालवली होती आणि मला हे कळलं नव्हतं. मग मला बाटली आठवली. मी ती काढून अक्काच्या हातात दिली.

"ठकूबाईनं दिलंय. डोक्याला लाव म्हणाली."

अक्कानं बूच काढून वास घेतला. माक्याचं तेल बाया कशाला लावतात हे तिला मी सांगायची गरज नव्हती. केस पांढरे होऊ नयेत म्हणून लावतात. तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"काळेभोर म्हणे," ती म्हणाली. "खोटारडी मेली."

आणि तिथेच, त्या लोखंडाच्या ढिगात बसून, तिनं तळहातावर तेल ओतलं आणि केसांना लावायला घेतलं.